मिठाच्या सरोवराकाठचा श्रोता

अमेरिकेच्या पश्चिम भागातील युटा राज्याची राजधानी सॉल्ट लेक सिटी. विमान खाली उतरू लागले, की प्रथम दृष्टीस पडते ते नगर नव्हे. दिसते ते सरोवर. क्षितिजापर्यंत पसरलेले, करड्या-निळ्या रंगाचे, काठावर पांढरी किनार असलेले. ती किनार फेसाची नव्हे, मिठाची. नद्या या सरोवराला येऊन मिळतात. परंतु त्यातून बाहेर पडणारी वाट एकही नाही. आलेले पाणी वाफ होऊन जाते आणि त्याबरोबर आलेले मीठ मागे राहते. असे हजारो वर्षे चालले आहे. म्हणूनच येथील पाणी समुद्राहूनही कित्येक पटींनी खारट झाले आहे. अलीकडच्या काळात सरोवर आटतही चालले असून २०२२ मध्ये त्याची पातळी आजवरच्या नोंदींत सर्वांत खाली गेली होती. पश्चिमेस हे सरोवर, पूर्वेस वॉसॅच पर्वताची उंच भिंत आणि मधल्या सपाटीवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फूट उंचीवर, हे नगर वसले आहे.

मी तेथे गेले ती निव्वळ प्रवासासाठी नव्हे. माझी थोरली बहीण दोन वर्षांपूर्वी नागपूरहून तेथे राहावयास गेली. तिची भेट घ्यावी, म्हणून गेल्या ऑक्टोबरात मी तीन आठवड्यांची रजा काढली. मुलीला दिल्लीस तिच्या बाबांच्या स्वाधीन केले आणि तपासावयाच्या मुद्रितांचे एक बाड बरोबर घेऊन निघाले. अनुवाद आणि संपादन हा माझा व्यवसाय. दुसऱ्याच्या वाक्यातील चूक दिसली, की माझा हात आपोआप तांबड्या पेन्सिलीकडे जातो. ही सवय कार्यालयापुरती राहिली असती, तर पुढचे सांगण्याचे कारणच पडले नसते.

पहिले काही दिवस नगर पाहण्यात गेले. १८४७ च्या जुलै महिन्यात मॉर्मन पंथाचे लोक गाड्याघोड्यांनिशी डोंगर ओलांडून या उजाड खोऱ्यात उतरले आणि त्यांनी येथे वस्ती केली. नगर आखताना त्यांनी रस्ते १३२ फूट रुंद ठेवले. बैल जुंपलेली लांबलचक गाडी मध्येच वळवता यावी म्हणून ही रुंदी, असे सांगतात. आज त्या रस्त्यावरून पलीकडे जाताना पादचाऱ्याला जणू लहानशी नदीच ओलांडल्यासारखे वाटते. पुढच्याच वर्षी त्यांच्या पहिल्या पिकावर किड्यांची धाड आली, तेव्हा सीगल नावाच्या पांढऱ्या जलपक्ष्यांनी थव्याथव्यांनी येऊन ते किडे खाल्ले आणि पीक वाचवले, अशी कथा येथे घरोघर सांगितली जाते. त्या पक्ष्यांचे स्मारक १९१३ मध्ये उभारण्यात आले. माणसाच्या उपयोगी पडलेल्या मुक्या जीवाची आठवण ठेवणारे हे नगर आहे, एवढी गोष्ट मी त्या वेळी मनात नोंदवून ठेवली.

नगरातील सर्वांत मोहक इमारत मला वाटली ती सार्वजनिक ग्रंथालयाची. मोशे सफ्दी या वास्तुशिल्पज्ञाने ती आखली आणि २००३ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. पाच मजली काचेची इमारत, तिला कवेत घेणारी एक वळणदार भिंत, आणि त्या भिंतीच्या माथ्यावरून पायी चढत थेट गच्चीवरील बागेपर्यंत जाण्याची सोय! वर उभे राहिले, की एका बाजूस पर्वताच्या शिखरांवरील पहिला बर्फ दिसतो.

या नगरातील ग्रंथालयाची आणखी एक ख्याती आहे. परंतु ती मला तेथे समजली नाही. ती समजली बहिणीच्या स्वयंपाकघरात.

बहिणीचा मुलगा आठ वर्षांचा. नागपुरास असताना हा मुलगा पाहुण्यांपुढे हात जोडून श्लोक म्हणे, गोष्टी सांगे, मध्येच थांबवले तर रुसून बसे. तोच मुलगा आता प्रश्नाला मानेनेच उत्तर देत होता. मी नेलेली पुस्तके त्याने उलटसुलट करून पाहिली. परंतु “वाचून दाखव पाहू” म्हणताच तो उठून आतल्या खोलीत गेला.

“त्याला वाचायला सांगू नकोस,” बहीण हळूच म्हणाली. “पहिल्या वर्षी वर्गात मोठ्याने वाचताना त्याच्या उच्चारांना मुले हसली. बाईंनी मुलांना दटावले. पण व्हायचे ते होऊन गेले. तेव्हापासून मोठ्याने वाचणे म्हटले की त्याच्या पोटात दुखते. मनात वाचतो, समजतेही सगळे.”

“मग ताई, शाळेत कसे चालते?”

“गुरुवारी कुत्र्याला वाचून दाखवतो,” ती म्हणाली, आणि माझा चेहरा पाहून हसू लागली. “अगं, थट्टा नव्हे. या गुरुवारी ये माझ्याबरोबर. शाळेने पालकांना यायची परवानगी दिली आहे, मावशीलाही मिळेल.”

त्या रात्री मला झोप लागली नाही ती केवळ परदेशी घड्याळामुळे नव्हे. दिल्लीतील आमच्या घरी नऊ वर्षांची माझी मुलगीही मराठी पुस्तक घेऊन माझ्याजवळ बसत असे. शाळेत हिंदी आणि इंग्रजी, शेजारी पंजाबी. मराठी तिच्या कानी पडते ते आम्हा दोघांकडून. त्यामुळे ‘ळ’ तिच्या जिभेवर बसलेला नाही. ती ‘डोळे’ऐवजी ‘डोले’ म्हणते, ‘आभाळ’ऐवजी ‘आभाल’. मी प्रत्येक वेळी तिला थांबवीत असे. “पुन्हा म्हण. जीभ वर लाव. पुन्हा.” दोन ओळींत चार वेळा. गेल्या पावसाळ्यापासून तिने मराठी पुस्तक उघडणेच सोडले होते. मी मनाशी म्हणत असे, परराज्यात वाढणाऱ्या मुलांचे असेच होते. परिस्थितीचा दोष आहे.

गुरुवारी आम्ही शाळेत गेलो. लहानशीच प्राथमिक शाळा. ग्रंथालयाची खोली मात्र ऐसपैस, कपाटे मुलांच्या उंचीची, खाली गालिचा. गोष्टीच्या तासाला पंधरा-वीस मुले अर्धवर्तुळात बसली होती. मध्यभागी एक जुनी गोधडीसारखी चादर अंथरली होती आणि तिच्यावर मधासारख्या रंगाचा, मोठ्या कानांचा एक कुत्रा पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडला होता. गळ्यात तांबडा रुमाल. शेजारी त्याची मालकीण, एक निवृत्त, पांढऱ्या केसांची बाई, जमिनीवरच मांडी घालून बसली होती. ती हे काम विनामूल्य करते. ग्रंथपालबाईंनी सर्वांना मिळून एक गोष्ट वाचून दाखवली. त्या अवधीत कुत्र्याने एकदा जांभई दिली आणि एकदा शेपटी हलवली. मुलांना दोन्हींचे सारखेच कौतुक वाटले.

गोष्ट संपल्यावर खरा कार्यक्रम सुरू झाला. बाकीची मुले आपापल्या पुस्तकांकडे वळली, आणि एकेक मूल पाळीपाळीने त्या चादरीवर येऊन बसू लागले. प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटे. मूल आपल्या आवडीचे पुस्तक आणते, कुत्र्याशेजारी टेकून बसते, चित्र त्याच्याकडे वळवून दाखवते आणि वाचू लागते. अडले तर अडते. कोणी हसत नाही, कोणी घड्याळ पाहत नाही. फार अडले, तर ती बाई मुलाला चूक दाखवीत नाही. ती कुत्र्याच्या वतीने बोलते. “हा शब्द त्याने पूर्वी ऐकलेला नाही. त्याचा अर्थ त्याला समजावून सांगशील का?” झाले! चुकणारा विद्यार्थी क्षणार्धात शिक्षक होतो. शब्दाचा अर्थ ठाऊक नसेल, तर दोघे मिळून शब्दकोश उघडतात. कारण कुत्र्याला तो कळावयास हवा असतो.

आमच्या भाच्याची पाळी शेवटची होती. त्याने पिशवीतून पुस्तक काढले आणि मी चमकले. ते मी दिल्लीहून आणलेले मराठी चित्रांचे पुस्तक होते. बहिणीलाही याची कल्पना नव्हती. ती किंचित ओशाळून त्या बाईला म्हणाली, “क्षमा करा, हे आमच्या भाषेतले पुस्तक आहे. तुम्हाला यातले काही समजणार नाही. इंग्रजी पुस्तक देते त्याला.”

ती बाई म्हणाली, “मला न समजले म्हणून काय झाले? आणि याला तरी इंग्रजी कुठे येते?”

मुलगा वाचू लागला. पहिली ओळ कुजबुजल्यासारखी, दुसरी थोडी मोठ्याने. नागपूर सुटले तेव्हा तो नुकता जोडाक्षरांपर्यंत पोहोचला होता. त्यामुळे ‘वृक्ष’ आला तेव्हा त्याने ‘वरुक्ष’ असे वाचले. माझे ओठ उघडले. शब्द जिभेवर आलाच होता. इतक्यात त्या बाईने माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे; आपण मंदिरात बोलू लागलो, की शेजारची आजीबाई पाहते, तसे. मी ओठ मिटले. मुलगा दोन ओळी पुढे गेला, थांबला, परत मागे आला, स्वतःशी पुटपुटला आणि म्हणाला, “वृक्ष.” मग कुत्र्याकडे वळून त्याने इंग्रजीत खुलासा केला, “म्हणजे झाड. मोठे झाड.” कुत्र्याने त्याच्या गुडघ्यावर डोके ठेवले होते. मुलाचा एक हात त्याच्या मानेवरून फिरत होता आणि दुसऱ्या हाताची बोटे अक्षरांखालून सरकत होती.

त्या सरोवराची मला आठवण झाली. दोन वर्षे या मुलात शब्द येतच होते, परंतु बाहेर जाण्याची वाट नव्हती. आता ती सापडली होती.

नंतर त्या बाईने मला या प्रथेचा इतिहास सांगितला. तो याच नगरातला. इंटरमाउंटन थेरपी ॲनिमल्स ही येथील संस्था रुग्णालयांत आणि इतरत्र शिकविलेले प्राणी नेऊन रुग्णांना धीर देण्याचे काम करीत असे. आजाऱ्याला ज्याच्या सहवासाने हुशारी वाटते, तो प्राणी वाचताना बुजणाऱ्या मुलांना का उपयोगी पडू नये, असा विचार पुढे आला आणि १९९९ मध्ये नगराच्या सार्वजनिक ग्रंथालयात पहिला प्रयोग झाला. नंतर तो शाळांत गेला. उपक्रमाचे नाव ‘रीडिंग एज्युकेशन असिस्टन्स डॉग्ज’. त्याची इंग्रजी आद्याक्षरे जोडली, की ‘रीड’, म्हणजे ‘वाच’, असा शब्द होतो. अनुवादकाला हेवा वाटावा असे हे नाव आहे. येथून ही कल्पना अमेरिकेच्या इतर राज्यांत आणि अनेक देशांत पोहोचली.

वाचकांपैकी काहींना वाटेल, की कुत्रा आणून बसवला म्हणजे झाले. तसे नाही. या कामासाठी कुत्र्याची प्रकृती, लसीकरण, शिस्त आणि स्वभाव यांची परीक्षा होते. मालकालाही शिक्षण घ्यावे लागते. शाळेत येण्यापूर्वी कुत्र्याला स्वच्छ केले जाते. पालकांची संमती घेतात. ज्या मुलांना प्राण्यांच्या केसांचा त्रास होतो अथवा ज्यांना कुत्र्याची भीती वाटते, त्यांची वेगळी सोय करतात. आणि कुत्रा दमला, की तास संपतो; त्याच्यावरही जुलूम नाही. एखाद्या मुलाने ठरलेली पुस्तके वाचून संपवली, की त्याला एक नवे पुस्तक भेट मिळते. त्यावर सहीच्या जागी कुत्र्याच्या पंजाचा ठसा असतो.

हे सारे भाबडेपणाचे तर नव्हे? परतल्यावर मी थोडे वाचून पाहिले. या विचाराची मुळे बरीच जुनी आहेत. बोरिस लेव्हिन्सन या न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञाला आपल्या कुत्र्याच्या उपस्थितीत अबोल मुले मोकळी होतात असे आढळले, आणि १९६२ मध्ये त्याने त्यावर लेख लिहिला. त्या वेळी अनेकांनी त्याची थट्टा केली. १९८३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी मुलांचा रक्तदाब मोजला, तेव्हा जवळ कुत्रा असताना तो कमी असल्याचे आढळले. मुले स्वस्थ बसलेली असताना आणि मोठ्याने वाचत असतानाही. परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१६ मध्ये इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी या विषयावरील ४८ अभ्यास तपासले. बरेचसे निष्कर्ष आशादायक होते, परंतु पुराव्याचा दर्जा एकंदरीत दुबळा होता, असे त्यांनी नमूद केले. तेव्हा कुत्र्यामुळे वाचन सुधारतेच, असे ठामपणे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मला जे दिसले ते इतकेच, की दोन वर्षे मुका झालेला एक मुलगा बोलला.

आपल्या देशात ही प्रथा जशीच्या तशी आणावी, असेही माझे म्हणणे नाही. आपल्या गल्लीबोळांतून भटक्या कुत्र्यांचा आणि त्यांच्या चाव्यातून होणाऱ्या रेबीजचा धोका खरा आहे; अनोळखी कुत्र्याजवळ जाऊ नये, आणि चावा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन ताबडतोब दवाखाना गाठावा, हेच मुलांना प्रथम शिकवले पाहिजे. परंतु प्राण्याचे आणि विद्येचे नाते आपल्याला नवे नाही. पैठणास ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखाने वेद वदविले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. दत्तात्रेयाच्या चित्रात त्याच्या पायांशी चार श्वान असतात. ते म्हणजे चार वेद, असे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी आपल्याला सांगितले आहे. लहानपणी मला प्रश्न पडे, की वेदांनी एवढे थोर असून कुत्र्याचे रूप का घ्यावे? त्या दिवशी शाळेच्या ग्रंथालयात मला त्याचे माझ्यापुरते उत्तर मिळाले. विद्या जवळ येऊन निमूटपणे पायांशी बसली, तर तिची भीती वाटत नाही.

वास्तविक त्या कुत्र्याने काय केले? काहीच नाही. त्याने चूक काढली नाही, शाबासकी दिली नाही, दुसऱ्या कोणाशी तुलना केली नाही. तो फक्त तेथून उठून गेला नाही. एवढे करण्यास चार पायच असले पाहिजेत असे नाही. घरातील आजी, आजोबा, धाकटे भावंड, किंवा मनात आणले तर खुद्द आईवडीलही ते करू शकतात. चुका सुधारू नयेत असा याचा अर्थ नव्हे. शाळा आहे, शिक्षक आहेत, चुका सुधारण्यास दिवस पुष्कळ आहेत. परंतु दिवसातील वीस मिनिटे अशी असावीत, की ज्या वेळी मुलाने केवळ वाचावे आणि आपण केवळ ऐकावे. ज्या घरांत मातृभाषा ही केवळ उंबरठ्याच्या आतच उरली आहे, त्या परप्रांतीय घरांना तर याची गरज अधिक. तेथे भाषेची चूक सुधारण्याच्या भरात भाषाच हातची जाते.

निघण्याच्या दिवशी भाच्याने मला ते मराठी पुस्तक परत दिले नाही. “ते अजून संपायचे आहे,” तो म्हणाला. “त्याने पुढचे ऐकलेले नाही.”

दिल्लीस आल्यावर दोन दिवस मी काही बोलले नाही. तिसऱ्या संध्याकाळी, दिवाबत्तीनंतर, मुलगी खाटेवर लोळत असताना मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि सॉल्ट लेक सिटीतील त्या कुत्र्याची हकिकत तिला सांगितली. तिने सारे ऐकून घेतले. मग बराच वेळ गप्प राहून विचारले, “आई, तो कुत्रा मध्ये मध्ये थांबवत नाही?”

“नाही गं,” मी म्हणाले.

ती उठली, कपाटातून एक पुस्तक घेऊन आली आणि माझ्याकडे न पाहता वाचू लागली. पहिल्याच ओळीत ‘आभाल’ आले. तिने वाचता वाचता डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहत होते. पुढच्या पानावर ‘डोले’ आले, त्यापुढे ‘सावली’ आली. ती मात्र मुळातच बरोबर होती. असे करत करत तिने सहा पाने वाचली. इतकी पाने तिने माझ्यापुढे पूर्वी कधी वाचली नव्हती.

“उद्या पुढचे,” पुस्तक मिटून ती म्हणाली.

‘ळ’ अजून आलेला नाही. तो येईल तेव्हा येईल. मी रोज संध्याकाळी तांबडी पेन्सिल कार्यालयाच्या खणात ठेवून घरी येते.